मोटारसायकल: चैन की अवजार?

‘ऋण काढून सण’ ही म्हण आजच्या तरुण पिढीला ऐकवण्याची एक रीतच पडून गेली आहे. व्यासपीठावरचे वक्ते, वर्तमानपत्रांना पत्रे लिहिणारे सद्गृहस्थ, पारावर बसणारे वडीलधारे, इतकेच काय पण क्वचित आपले प्राध्यापकही या एका मुद्द्यावर एकमत होतात. खेड्यातल्या पोरांना गाडीची हौस फार. हप्त्यावर मोटारसायकल काढायची, चार महिने मिरवायची आणि फायनान्सवाले गाडी ओढून न्यायला आले की तोंड लपवत फिरायचे! यंदा आपल्या महाविद्यालयात झालेल्या एका व्याख्यानातही पाहुण्यांनी हाच सूर लावला आणि सभागृहात टाळ्या पडल्या. टाळ्या वाजवणाऱ्यांतले निम्मे तरी जण त्या दिवशी हप्त्याच्याच गाडीवरून आले होते, ही गोष्ट वेगळी.

मला या टाळ्यांचे वाईट वाटले. कारण आमच्या घरची मोटारसायकल आज जप्तीच्या दारात उभी आहे, आणि आमच्या घरात ती कधी कोणी मिरवली नाही. तिच्या दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन असतात. कॅन अडकवलेली गाडी मिरवता येत नाही.

आमची वस्ती माढा तालुक्यात, सीनेच्या काठी. वस्तीपासून गाव तीन किलोमीटर आणि गावापासून फाटा चार. दुधाची डेअरी फाट्यावर, एस.टी. थांबते तीही फाट्यावरच. माझा थोरला भाऊ, म्हणजे दादा, वस्तीवरच्या अकरा घरांचे दूध गोळा करून सकाळ-संध्याकाळ डेअरीला घालतो. लिटरमागे दीड रुपया त्याला मिळतो. दिवसाला एकशे दहा लिटर दूध जात असे तेव्हा महिन्याला चार हजार नऊशे पन्नास रुपये व्हायचे. पेट्रोलला चौदाशे-पंधराशे, गाडीचा हप्ता दोन हजार सातशे वीस. उरत ते सातशे-आठशे. एवढ्यासाठी एवढा उपद्व्याप कशाला, असे शहरातल्या वाचकाला वाटेल. पण घरच्या दोन गाईंचे दूधही त्याच फेरीत जाते आणि आमचे घर त्या दुधावर चालते. शिवाय सकाळच्या फेरीला कॅनच्या मधल्या जागेत बसून मी फाट्यावर येते आणि सातची गाडी धरते. आमच्या घराण्यात महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिलीच. ती पायरी चढण्याआधी मला रोज एका मोटारसायकलवर चढावे लागते, हे कोणाला सांगितले तर हसू येईल. पण वस्तुस्थिती तशी आहे.

गाडी २०२३ च्या दसऱ्याला घेतली. वीस हजार रोख भरले. त्यासाठी आईने शेळ्या विकल्या. बहात्तर हजारांचे कर्ज, छत्तीस हप्ते, व्याज ‘फक्त बारा टक्के’. गाडी घरी आली आणि दोन-तीन महिन्यांतच गाईच्या दुधाचे दर असे कोसळले, की सरकारला लिटरमागे पाच रुपयांचे अनुदान जाहीर करावे लागले. त्या पडझडीतही हप्ता चुकला नाही. दोन वर्षांत तेवीस हप्ते, म्हणजे बासष्ट हजार पाचशे साठ रुपये, वेळच्या वेळी गेले. मग २०२५ च्या सप्टेंबरात सीनेला पूर आला. त्या पुराचे वर्णन मी इथे करत नाही. आपल्यापैकी पुष्कळांनी तो पाहिला आहे, काहींनी घरात शिरलेला पाहिला आहे. चारा कुजला, जनावरे गेली, जी राहिली ती आटली. एकशे दहा लिटरचे चाळीस लिटर झाले. चाळीस लिटरचे महिन्याचे अठराशे रुपये होतात आणि पेट्रोल मात्र तेवढेच लागते, कारण दूध कमी झाले म्हणून रस्ता कमी होत नाही. ऑक्टोबरपासून जानेवारीपर्यंत चार हप्ते थकले.

येथपर्यंतची कथा घरोघरची आहे. मला पुढचे सांगायचे आहे.

पुरानंतर ऑक्टोबरात राज्य सरकारने बाधित भागासाठी सवलती जाहीर केल्या. त्यांत शेतीशी निगडित कर्जांच्या वसुलीला एक वर्षाची स्थगिती होती. हे ऐकून आबांनी हातच जोडले. सोसायटीचे पीककर्ज थांबले. मोटारसायकलचे थांबले नाही. दादा फायनान्सच्या कचेरीत विचारायला गेला, तेव्हा त्याला सांगण्यात आले, की हे वाहनकर्ज आहे, शेतीचे नव्हे. शब्दशः पाहिले तर सांगणाऱ्याचे काही चुकले नाही. पण मग दुधाचा धंदा शेतीशी निगडित, गाय शेतीशी निगडित, कडबाकुट्टी शेतीशी निगडित, आणि ते दूध सात किलोमीटर वाहून नेणारी गाडी तेवढी हौसेची, हा न्याय कसला? दूध काही स्वतःच्या पायाने डेअरीला जात नाही. वेळेत पोचले नाही तर ते नासते, आणि नासलेल्या दुधाला अनुदानही नसते.

हा केवळ शब्दांचा घोळ नव्हे. एखादी वस्तू कोणत्या रकान्यात लिहिली जाते यावर माणसाचे नशीब ठरते. मोटारसायकल आपल्या राज्यकर्त्यांच्या वहीत कित्येक वर्षे चैनीच्याच रकान्यात होती. २०१७ साली वस्तू व सेवा कर आला तेव्हा तिच्यावर अठ्ठावीस टक्के कर बसला. थंड हवेच्या यंत्रावर जेवढा, तेवढाच कॅन वाहणाऱ्या गाडीवर. तो साडेतीनशे सी.सी. पर्यंतच्या गाड्यांसाठी अठरा टक्क्यांवर आला २२ सप्टेंबर २०२५ रोजी. योगायोग असा, की त्याच आठवड्यात सीना पात्राबाहेर पडली.

आपल्या इतिहासाच्या तासाला दख्खनच्या दंग्यांचा विषय झाला, तेव्हा मला राहून राहून दादाच्या कागदांची आठवण येत होती. १८६५ साली अमेरिकेतले यादवी युद्ध संपले, आपल्याकडच्या कापसाचा भाव उतरला, सावकारांनी हात आखडते घेतले आणि वसुलीचा तगादा सुरू झाला. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकरी उठले. त्यांचा मुख्य रोख कशावर होता? खतपत्रांवर, कर्जरोख्यांवर. ज्या कागदावर आपण अंगठा दिला पण ज्यातले अक्षर आपल्याला वाचता आले नाही, तो कागद त्यांनी जाळला. त्यानंतर १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी जो कायदा झाला तो पुणे, सातारा, अहमदनगर आणि आपल्या सोलापूर जिल्ह्याला लागू होता. कर्जापायी शेतकऱ्याला तुरुंगात टाकणे त्याने बंद केले. न्यायाधीशाने रोख्यावरचा आकडा तसाच खरा न धरता मूळ देणे किती होते याच्या खोलात जावे, असेही त्यात होते. ऋणकोला पावती व हिशेब मिळण्याचा हक्क त्यात होता. परकीय सरकारने, दंग्याच्या भीतीने का होईना, एवढे ओळखले, की दोन बाजूंपैकी एकीलाच वाचता येत असेल तर त्याला करार म्हणणे अवघड आहे.

याहून महत्त्वाचे कलम पुढे आले. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेचे साठावे कलम सांगते, की ऋणको शेतकरी असेल तर त्याची औते, पोट भरण्यासाठी लागणारी जनावरे व बियाणे आणि कारागीर असेल तर त्याची हत्यारे न्यायालयाच्या हुकमाने होणाऱ्या जप्तीतून वगळावीत. हे कलम आजही आहे. त्यामागचा विचार अगदी साधा आहे. बैल नेला तर तो माणूस नांगरणार कशाने, आणि नांगरले नाही तर उरलेले देणे फेडणार कशातून? सुताराचा रंधा ओढून नेणारा धनको स्वतःचेच पैसे बुडवतो.

अर्थात या कलमाचा आम्हांला उपयोग नाही, हे मी जाणून आहे. ते न्यायालयाच्या जप्तीसाठी आहे. आमची गाडी कर्ज देणाऱ्याकडे तारण आहे, आर.सी. बुकावर तसा बोजा चढलेला आहे, आणि हप्ते थकले तर गाडी ताब्यात घेण्याचा अधिकार दादाने स्वतःच सही करून दिला आहे. न्यायालय मध्ये येतच नाही. म्हणजे गंमत अशी, की फिर्याद लावून, वर्षभर चपला झिजवून, हुकूमनामा मिळवून येणाऱ्या धनकोला शेतकऱ्याचा बैल नेता येत नाही. पण पाच तारखेला हप्ता आला नाही म्हणून चौकात उभे राहणाऱ्याला शेतकऱ्याची मोटारसायकल नेता येते. कायदा करणाऱ्यांच्या काळी खेड्यात मोटारसायकल नव्हती. आज बैल नाही. आमच्या वस्तीवर अकरा घरांत मिळून एक बैलजोडी आहे आणि मोटारसायकली नऊ. कायद्यातला विचार बैलापाशीच थांबून राहिला.

त्या ‘फक्त बारा टक्के’ व्याजाविषयीही सांगितले पाहिजे. बहात्तर हजारांवर बारा टक्क्यांनी तीन वर्षांचे व्याज पंचवीस हजार नऊशे वीस, एकूण सत्त्याण्णव हजार नऊशे वीस, भागिले छत्तीस. हप्ता दोन हजार सातशे वीस. हिशेब बरोबर दिसतो. पण त्यात असे धरले आहे, की तिन्ही वर्षे पूर्ण बहात्तर हजार दादाच्याच खिशात होते. वास्तविक तो दर महिन्याला मुद्दल परत करत होता. अर्थशास्त्र घेतलेल्या माझ्या एका मैत्रिणीने घटत्या शिलकीवर हा हिशेब मांडून दाखवला तेव्हा व्याजाचा खरा दर वर्षाला एकवीस टक्क्यांच्या वर निघाला. रिझर्व्ह बँकेच्या आदेशाने १ ऑक्टोबर २०२४ पासूनच्या नव्या कर्जांना असा खरा वार्षिक दर दाखवणारा तक्ता ऋणकोला समजेल अशा भाषेत द्यावा लागतो. आमचे कर्ज त्याआधीचे. तथापि ज्यांच्या घरी त्यानंतर गाडी आली आहे त्यांनी तो तक्ता पेटीतून काढून एकदा वाचावा. मिळालाच नसेल तर मागावा.

करारनामा मी वाचला. दोन रविवार आणि एक शब्दकोश लागला. चौदा पाने बारीक इंग्रजीत आणि प्रत्येक पानाखाली दादाची मराठी सही. दादा नववीपर्यंत शिकला आहे. या कंपन्यांसाठी रिझर्व्ह बँकेची जी आचारसंहिता आहे तिच्यात कागदपत्रे ऋणकोच्या समजुतीच्या भाषेत असावीत, असे आहे. गाडी ताब्यात घेण्यापूर्वी किती दिवसांची नोटीस द्यायची, विकण्यापूर्वी पैसे भरण्याची शेवटची संधी कशी द्यायची, लिलाव कसा करायचा, हेही करारात लिहिलेले असले पाहिजे, असे तिच्यात आहे. आमच्या करारात ते लिहिलेले आहे, बाराव्या पानावर. ते दादाला ठाऊक असते तर नोव्हेंबरात त्याने गाडी मामांच्या गोठ्यात नेऊन लपवली नसती.

होय, गाडी लपवली होती. वसुलीची मुले मोबाईलमध्ये थकलेल्या गाड्यांचे क्रमांक घेऊन रस्त्याच्या कडेला उभी असतात. पाटी दिसली की गाडी थांबवून किल्ली मागतात. म्हणून दादाने कुर्डुवाडीला येणे सोडले, मग फाट्यावर येणे सोडले. तीन आठवडे त्याने सायकलवर दूध वाहिले. त्यातले दोन वेळा नासले. ज्या गाडीच्या जोरावर हप्ता फेडायचा ती हप्त्याच्या भीतीने गोठ्यात उभी, आणि हप्ता आणखी थकलेला! जप्ती व्हायच्या आधीच अर्धी जप्ती होऊन जाते ती अशी. याच आठवड्यांत आबांनी मला दोन महिने घरी राहायला सुचवले होते. सात किलोमीटर पहाटेच्या अंधारात मुलीला एकटीला कसे पाठवायचे, हा त्यांचा प्रश्न होता आणि त्यात त्यांचे काही चूक नव्हते. वस्तीवरच्या आणखी दोन मुली अकरावीला आहेत. त्यांच्याही घरी तीच बोलणी झाली.

वसुलीच्या मुलांवर मला राग काढायचा नाही. दादाला फोन करणारा मुलगा बी.ए. झालेला आहे, हे त्यानेच सांगितले. आपल्यासारख्याच एखाद्या महाविद्यालयातून तो बाहेर पडला असेल. गाडीमागे त्याला काही रक्कम मिळते. त्याच्या बुडाखालची गाडीही हप्त्याचीच असणार. सुशिक्षित बेकाराला काम मिळाले ते दुसऱ्या अर्धशिक्षिताची गाडी ओढण्याचे, याला काय म्हणावे? तरीही वसुलीसाठी सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करू नये, असा रिझर्व्ह बँकेचा २०२२ चा आदेश आहे, आणि वाहन ताब्यात घ्यायचे ते कायदेशीर मार्गानेच, दांडगाईने नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००७ सालीच बजावले आहे. आमचा फोन रात्री नऊला वाजायचा. मी एकदा तो घेतला आणि २०२२ चा आदेश सांगितला. पलीकडे थोडा वेळ कोणी बोलले नाही. नंतर फोन दिवसा येऊ लागले.

कोणी म्हणेल, कर्ज घ्यायचे आणि बुडवायचे, अशी ही वकिली आहे. तसे नाही. घेतलेले फेडलेच पाहिजे. आमच्या घरात तेवीस महिने याबद्दल कोणाला शंका नव्हती आणि आजही नाही. काही मुले निव्वळ शानीसाठी दीड-दोन लाखांची गाडी काढतात, आवाज बदलून घेतात, हेही मी पाहते. पण त्या पोराची गाडी आणि कॅनची गाडी एकाच तराजूत तोलू नका, एवढेच म्हणणे आहे. ज्या गावांत सरकारनेच आपत्ती मानली आहे, तिथे पोटापाण्याच्या गाडीचा हप्ताही पीककर्जाबरोबर पुढे ढकलला गेला पाहिजे. माफ नको, पुढे ढकला. छत्तीस हप्त्यांचे चाळीस महिने होऊ द्या. जुना सावकार कितीही वाईट असला तरी सुगीपर्यंत थांबण्याचा व्यवहार त्याला कळत होता. मागाहून तो दामदुपटीने वसूल करी हे खरे. आताच्या यंत्राला सुगी कळत नाही. दुधाचे बिल दहा दिवसांनी निघते, कधी तेराव्या दिवशी. हप्ता मात्र पाच तारखेलाच खात्यातून ओढला जातो, आणि खाते रिकामे असले तर फायनान्सचे पाचशे नव्वद आणि बँकेचे दोनशे पंच्याण्णव वर बसतात. चार महिन्यांचे हे तीन हजार पाचशे चाळीस झाले. ज्याच्याजवळ पैसे नाहीत त्याला पैसे नसल्याबद्दल दंड!

आणि गाडी ओढून नेल्यावर सुटका होते, हाही गैरसमज आहे. गाडी यार्डात उभी राहते, तिथले भाडे चढत जाते, लिलावात येईल ती किंमत येते, आणि ती किंमत देण्याहून कमी पडली तर उरलेले देणे ऋणकोच्याच डोक्यावर राहते. म्हणजे बैलही गेला आणि कर्जही राहिले.

आपल्या प्राध्यापकांना एक विनंती करते; लहान तोंडी मोठा घास घेते याची क्षमा असावी. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात आपण दरवर्षी गावे झाडतो, झाडे लावतो. यंदा एक दिवस कर्जाचे कागद वाचण्याचा ठेवावा. इंग्रजीच्या सरांनी एक करारनामा वर्गात घ्यावा, अर्थशास्त्राच्या मॅडमनी सरळ व्याज आणि घटत्या शिलकीवरचे व्याज एका फळ्यावर शेजारी शेजारी मांडून दाखवावे. पहिल्या पिढीच्या विद्यार्थ्यांना घरचे लोक विचारतात, की शिकून काय उपयोग? चौदा पाने वाचून दाखवणे हे त्याचे एक उत्तर होऊ शकते.

कंपनीचे पत्र १० जानेवारीला आले. चार हप्ते आणि दंड मिळून चौदा हजार चारशे वीस रुपये पंधरा दिवसांत भरावेत, न भरल्यास गाडी ताब्यात घेतली जाईल, असे त्यात आहे. मैत्रिणीच्या मदतीने आम्ही मराठीत अर्ज लिहिला: करारनाम्याची मराठी प्रत द्या, खात्याचा उतारा द्या, थकलेले चार हप्ते शेवटी जोडा, तोवर गाडी नेऊ नका. पूर आल्याचा तलाठ्यांचा पंचनामा आणि डेअरीची दहा-दहा दिवसांची बिले सोबत जोडली. तीस दिवसांत उत्तर आले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते, तिला पैसे लागत नाहीत, हे दादाला समजावून सांगितले. अर्ज १९ तारखेला स्पीड पोस्टाने गेला. त्याच दिवशी दादाने मामांच्या गोठ्यातून गाडी आणली आणि फेरी पुन्हा सुरू केली. लेख संपादकांकडे देईपर्यंत अर्जाची पोच आली आहे, उत्तर आलेले नाही. दूध पन्नास लिटरवर आले आहे.